जेवणघरातली सफरचंदाची फुलं

कुसुमने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खिडक्यांना प्लास्टिक लावणं. टोरोंटोच्या कडेचं, एटोबिकोतलं आमचं घर जुनं आहे आणि खिडक्या घरापेक्षाही जुन्या वाटतात. थंडी सुरू झाली की चौकटीला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची, तिच्यावर पातळ प्लास्टिक ताणायचं आणि वरून हेअर ड्रायर फिरवायचा. सुरकुत्या जातात, काचेसारखं दिसतं, वारा थांबतो. पट्टी मी लावायची आणि ड्रायर तिने धरायचा, कारण मी एकदा प्लास्टिकला भोक पाडलं होतं आणि ती ते विसरायला तयार नव्हती.

त्या रविवारी दुपारी आम्ही भांडत होतो. मोठं भांडण नव्हतं. ड्रायरच्या वर आवाज काढावा लागतो म्हणून चढलेले आवाज. भांडण एका भिंतीवरून होतं आणि ती भिंत आमची नव्हती. ती म्हणत होती, पुसून टाका. मी म्हणत होतो, हात धजत नाही. शेवटी तिने ड्रायर बंद केला आणि म्हणाली, "भिंत पुसा. पोरीचं फूल तेवढं ठेवा. उद्या मी येते बरोबर, कुठलं ते दाखवते."

मी म्हटलं, बरं. तिने पुढची खिडकी घेतली.

चहाच्या आधी ती खुर्चीत बसली ती उठली नाही. त्याबद्दल एवढंच लिहितो. जास्त लिहिता येत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा म्हणून मंडळाचे लोक बरेच दिवस मागे होते. तिथे सगळे डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर, आणि त्यांच्यात मी एकटा रंगारी. माझी शाळा सातवीत सुटली. ती मी सोडली की मास्तरांनी, यावर आई आणि मामाचं कधी एकमत झालं नाही. माझी मुलगी अनघा विनिपेगला असते, ती फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट राइट हाउ यू टॉक." तसं लिहितोय. चुका असतील त्या संपादकांनी काढाव्यात, त्यांना तेवढं काम असू दे.

मिरजेला मामाच्या हाताखाली मी दुकानांचे बोर्ड आणि देवळाच्या भिंती रंगवायला शिकलो. कुसुम नर्स म्हणून इकडे आधी आली, मी मागून तिचा नवरा म्हणून आलो. पहिली दोन वर्षं तिचा नवरा असणं हाच माझा धंदा होता. मग घरं रंगवायला लागलो. टोरोंटोबाहेर मिल्टनला नव्या वसाहती उठत होत्या तेव्हा मी वर्षानुवर्षं एकच रंग मारला, पांढरा. पण इथल्या लोकांना पांढऱ्यातही निवड लागते. एका बाईने भिंतीवर वेगवेगळ्या पांढऱ्यांचे चौकोन काढून घेतले आणि रोज फोन करून विचारायची की मधला निळसर का दिसतो. मी म्हटलं, बाई, बाहेर बर्फ आहे, ते वितळू द्या. ती खरंच थांबली. एप्रिलमध्ये फोन आला, आता तो हिरवट दिसतोय. मी म्हटलं, आता गवत आलंय.

असली कामं पुष्कळ केली. त्यातलं एकही घर मला आता ओळखू येणार नाही. ज्या एका घराबद्दल लिहायचं आहे त्याचं काम अजून संपलेलं नाही.

मिल्टनच्या पुढे पश्चिमेला शेतांमधून तासभर गाडी हाकली की ते घर येतं. पिवळसर विटांचं, दुमजली, वर चौकोनी मनोरा. मनोऱ्याला चारी बाजूंनी खिडक्या, कारण बांधणाऱ्याला वर उभं राहून आपली सगळी जमीन बघायची होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लाकडाचा व्यापारी होता तो. छपराच्या कडेने कातीव लाकडाची झालर, पुढे लांबच लांब व्हरांडा. आत गेलात की खरी गंमत. एवढा लाकडाचा व्यापारी, पण घरातले दरवाजे साध्या पाइनचे आणि त्यावर ओकच्या लाकडाचे दोरे, म्हणजे रेषा, रंगवलेले. फायरप्लेसला साधा काळा दगड, त्यावर संगमरवराच्या शिरा रंगवलेल्या. हॉलच्या भिंतींवर गिलावा, त्यावर दगडी चिऱ्यांचे सांधे, सावलीसकट. दिवाणखान्याच्या छताला आकाश, आणि चार कोपऱ्यांत चार ऋतूंच्या चार बायका.

कुसुमने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे सगळं खोटंच की."

मी म्हटलं, खोटं आहे, पण खोटं बोलायला मेहनत किती घेतलीय बघ.

ती तिथे आली त्याला कारण होतं. पाइनला ओक करायचा तर आधी पिवळट रंगाचा हात मारतात. तो वाळला की तपकिरी रंग शिळ्या बियरमध्ये कालवून वरून पातळ लावतात, आणि ओला आहे तोवर लोखंडी फणीने आणि बोटाला गुंडाळलेल्या चिंधीने त्यात दोरे, गाठी काढतात. बियर चिकट असते, रंगाला धरून ठेवते. जुनी रीत आहे, मी बनवलेली नाही. पण मी रोज संध्याकाळी बियरचा वास घेऊन घरी जायचो. कुसुमने आठवडाभर काही विचारलं नाही. मग एक दिवस म्हणाली, मी रिटायर झालेय, घरी बसून कंटाळा येतो, मी पण येते. दिवसभर माझ्या मागे स्टूल टाकून बसली. संध्याकाळी गाडीत म्हणाली, "एवढी बियर दरवाजाला पाजलीत, मला वाटलं होतं त्याहून बरंय."

त्या घराचं काम हेलन बघायची. ही बाई जुन्या रंगकामाची जाणकार, कॉलेजात शिकवते, अंगाने बारीक, बोलायला तिखट. तिच्याकडे मी पहिला दरवाजा केला तो असा केला की जुनं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मलाही सापडेना. मी खूश. हेलनने भिंग लावून बघितला आणि म्हणाली, फार सुंदर केलंत, आता काढून टाका. मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. मग तिने समजावलं. गेलेल्या जागी भरायचं ते असं की चार पावलांवरून एकसारखं दिसलं पाहिजे, पण जवळ येऊन बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे नवं आहे. आणि उद्या कुणाला नको वाटलं तर ते धुऊन निघालं पाहिजे. मिरजेत मामाने मला याच्या बरोबर उलट शिकवलं होतं. जन्मभर जे शिकलो ते साठी उलटल्यावर विसरायला लागलो.

हेलनचा दुसरा नियम, अंदाजाने काही रंगवायचं नाही. तो नियम मला एका फेब्रुवारीत कळला. छपराच्या कडेला बर्फाचा बांध झाला, वितळलेलं पाणी मागे फिरलं आणि दिवाणखान्याच्या छतात उतरलं. आकाश पोट सुटल्यासारखं खाली आलं. हेलन टोरोंटोत, रस्ते बंद. मी मचाणावर गादी चढवली आणि खालून टेकू लावायला लागलो. गादीची एक बाजू कुसुमने धरली आणि दुसरी घराच्या मालकीणबाईंनी, वय नव्वदीला टेकलेलं. तीन कोपरे वाचले. चौथ्यात वसंत ऋतूची बाई होती, तिचं तोंड पडलं. मला ते तोंड पाठ होतं, महिनाभर त्याच्या खाली काम केलं होतं. मी म्हटलं, मी काढतो. हेलन म्हणाली, फोटो आहे का? तेवढ्या कोपऱ्याचा नव्हता. मग नाही, म्हणाली. आजही तिथे मानेच्या वर सपाट मातकट रंग आहे. बघायला येणारे विचारतात, हिचं तोंड कुठे गेलं.

आणि हेलनचा तिसरा नियम आमच्यामुळे झाला. मोठं काम हातात घेताना कुसुमने मला पुडीत हळदकुंकू दिलं होतं, असाच हात लावू नका म्हणून. मी दिवाणखान्यात खिडकीच्या झडपेमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन बोटं लावली आणि विसरलो. बऱ्याच महिन्यांनी हेलनने नेमका तिथलाच कपचा उचलून तपासायला पाठवला. एक दिवस ती हरखून आली. वनस्पतीचा पिवळा सापडला, या काळातल्या घरात असं कुठे बघितलेलं नाही, यावर लेख लिहायला हवा. तिने जागेचा फोटो दाखवला. मी कुसुमकडे बघितलं, कुसुम डबा उघडण्यात फार गुंतली. सांगावंच लागलं. हेलनने फोटो परत हातात घेतला आणि म्हणाली, "आणि तो लाल?" मी म्हटलं, ते कुंकू. तेव्हापासून नियम झाला की पूजा बाहेरच्या पायरीला.

आता मालकीणबाईंबद्दल. एडिथ त्यांचं नाव, आम्ही एडिथबाई म्हणायचो. घर बांधणाऱ्याची पणती. लग्न नाही, मागे एक पुतण्या, तोही दूर अल्बर्टात. उंच, वाळलेल्या, डोळ्यांनी जवळजवळ अधू. एवढ्या घरातल्या दोनच खोल्या तापवायच्या आणि घरातही ओव्हरकोट घालून फिरायच्या. घर त्यांनी एका संस्थेला देऊन टाकलं होतं. अट एकच, चालवेल तोवर मी इथे राहीन. संस्थेने हेलनला आणलं, हेलनने मला.

जेवणघर त्यांचं आवडतं. घरातली बाकी भारी कामं सोडून हे काय, असं मला पहिल्यांदा वाटलं. फिक्या हिरव्या भिंती, आणि खालच्या लाकडी पट्टीपासून वर छतापर्यंत सफरचंदाच्या फांद्या, फुलंच फुलं. पण काढलेली अगदी शिकाऊ हाताने. एका कोपऱ्यात पाकळ्या बटाट्यासारख्या, फायरप्लेसकडे येता येता जरा सुधारलेल्या. हेलनने कोपऱ्यात बोटभर जागा उघडली तेव्हा खाली जुनं, मूळ काम निघालं. गर्द तांबडी भिंत, तिच्यावर साच्याने उठवलेली डाळिंबं, सोन्याची बारीक रेघ. उस्तादाचा हात. संस्थेने पैसे दिले होते ते त्या डाळिंबांसाठी.

वरचा हिरवा थर साधा होता. खडूची पूड, सरस आणि पाणी. आपल्याकडच्या डिस्टेंपरचा गरीब भाऊ. त्याला चाकू लागत नाही, औषध लागत नाही. कोमट पाण्याचा बोळा फिरवला की झालं. एवढी वर्षं टिकला तो एवढ्याचसाठी की कुणी कधी पुसला नाही.

आणि कुसुम तो पुसायला निघाली होती. दिवाळी तोंडावर आलेली, तिच्याने ती धुळकट भिंत बघवेना. बादली आणि ओलं फडकं घेऊन ती जेवणघरात शिरली. मी शेजारच्या हॉलमध्ये शिडीवर. एकदम एडिथबाईंचा आवाज आला, कधी चढवत नसत तो. मग बराच वेळ दोघींचं हळू बोलणं. मी शिडीवरून उतरलो नाही, रंग ओला होता.

परत येताना गाडीत कुसुमने सांगितलं. एडिथबाई लहान असताना मंदी आली, घरातला पैसा गेला, वडील कामाला उत्तरेकडे गेले ते हिवाळाभर आलेच नाहीत. जेवणघर तांबडं, काळोखं. आईला ते खायला उठायचं. तिने पुडीचा स्वस्त रंग आणला, सगळी डाळिंबं झाकली, आणि बियांच्या दुकानाच्या कॅटलॉगात बघून बघून फुलं काढली. आयुष्यात कधी ब्रश न धरलेली बाई. त्यातलं एक फूल तिने मुलीला काढायला दिलं. एडिथबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

"मला दाखवलं त्यांनी," कुसुम म्हणाली. "दिसत नाही, पण हाताने सापडतं त्यांना. माझं बोट धरून ठेवलं त्याच्यावर. म्हणाल्या, हे कुणाला माहीत नाही, हेलनलाही नाही."

मी हं म्हटलं. बर्फ पडायला लागलं होतं, माझं लक्ष रस्त्यावर. कुठलं फूल, हे मी विचारलं नाही. तेव्हा ते विचारायचं काही कारणही नव्हतं. कुसुमला माहीत होतं म्हणजे घरात माहीत होतं.

नाताळानंतर एडिथबाई गावातल्या वृद्धाश्रमात जाणार आणि मग मी जेवणघर घ्यायचं, असं ठरलं होतं. नाताळ गेला, त्या काही हलल्या नाहीत. कुसुम मला म्हणाली, त्या या घरात जेवतायत तोवर त्या खोलीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हेलनला काय सांगू? ती म्हणाली, सांगा रंग वाळला नाही. मग मी तेच सांगत गेलो. हॉलचा रंग वाळला नाही, जिन्याचा वाळला नाही, दमटपणा फार आहे, थंडी फार आहे. असे तीन हिवाळे काढले. हेलन एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुमच्याइतका हळू वाळणारा रंग मी कॅनडात दुसरा बघितला नाही. तिला सगळं कळत होतं. संस्थेला पत्रं तीच लिहीत होती, तिनेही तसंच काहीतरी लिहिलं असणार.

त्या तीन हिवाळ्यांत कुसुम जवळजवळ रोज माझ्याबरोबर यायची. एडिथबाईंच्या डोळ्यांत औषध घालायची, नखं कापायची, रागवायची. एडिथबाईंना तिने वरणभात खायला शिकवलं, लिंबू पिळून. त्या तिला सिस्टर म्हणायच्या. मी नवराबायकोत जितकं बोलणं बघितलं नाही तितकं त्या दोघी बोलायच्या, आणि बहुतेक मी भिंतीच्या पलीकडे असायचो.

मग एडिथबाई पडल्या आणि गेल्याच वृद्धाश्रमात. माझे गुडघे संपले, मी काम सोडलं. जेवणघर तसंच राहिलं, दार लावून. संस्थेकडचे पैसेही मध्ये दुसरीकडे वळले होते. गेल्या वर्षी पानगळीत एडिथबाई वारल्या. कुसुम आणि मी गेलो होतो. चर्चमध्ये मोजकी माणसं, पुतण्या आला होता, त्याने आमचे आभार मानले आणि विचारलं की आपण कोण.

त्यानंतर लगेच हेलनचा फोन आला. पैसे मिळालेत, जेवणघर उघडायचं आहे, ती खोली तुमची आहे, याल का? मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, हळू करा, तुम्हाला सवय आहे. मग म्हणाली, वरचा थर काढायचा तर आठवण म्हणून तळहाताएवढी जागा तशीच ठेवायची असते, पुढच्या लोकांना कळावं की मध्ये हेही होतं. सहसा दारामागे ठेवतात. तुम्ही ठरवा कुठली ठेवायची ते.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे कुठली ठेवायची ते. मला म्हणजे कुसुमला.

पण हो म्हटल्यावर माझं मन फिरलं. एका उस्तादाला पैसे देऊन कुणीतरी डाळिंबं करून घेतली. छान आहेत, मी काय नाही म्हणतोय? पण नवरा लांब असताना एक बाई हिवाळाभर शिडीवर चढून बटाट्यासारखी फुलं काढते आणि शेवटी तिचा हात सुधारतो, हे मी बोळा फिरवून पुसायचं? एका भिंतीवर दोन्ही राहू शकत नाहीत. एक बघायचं तर दुसरं जातं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट हेच आहे.

मला वाटलं होतं कुसुम माझ्या बाजूने असेल. तीन हिवाळे तिनेच थांबवलं होतं. पण ती जन्मभर वॉर्डात काम केलेली बाई. म्हणाली, जिवंत माणसासाठी थांबलो आपण. आता कुणासाठी थांबायचं? आईने डाळिंबं झाकली तेव्हा तिने कुणाला विचारलं होतं? मी म्हटलं, तू दगड आहेस. ती म्हणाली, ड्रायर नीट धरू द्या, वायर ओढू नका.

तिथून पुढचं वर लिहिलंच आहे.

मिरजेला कुणी वारलं तर घरात पाय ठेवायला जागा नसते. कोण लाकडं बघतं, कोण भटजी, कोण तुमच्या हातात चहा देतं आणि पीत नाही म्हणून ओरडतं. इथे हॉस्पिटलने तिला ठेवून घेतलं. अंत्यविधीवाल्या माणसाने फोनवर फार सभ्यपणे सांगितलं की गुरुवारची वेळ आहे. अनघाचं विमान विनिपेगला वादळात अडकलं. ती फोनवर रडत इंग्रजीत बोलत होती आणि मी मराठीत तिला जेवलीस का विचारत होतो. मंडळातले लोक म्हणाले, काका, आम्ही उद्या संध्याकाळी ऑफिसनंतर येतो. चांगली माणसं आहेत. पण गुरुवारपर्यंत करायचं असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढलं आणि गाडी काढून त्या घराकडे गेलो. सोमवारी येतो असं सांगितलं होतं.

हेलन जेवणघरात मचाण बांधून तयार होती. माझ्या मागे बघून म्हणाली, कुसुम कुठेय, ती येणार होती ना. मी सांगितलं. ती घरी जा म्हणाली. मी म्हटलं, घरी काय करू? मग ती रंगाच्या डब्यावर खाली बसली. पोरीच्या फुलाचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, तिने तेच विचारलं.

"तिने तुम्हाला दाखवलं होतं?"

"आज दाखवणार होती."

मी बॅटरी घेतली आणि प्रकाश आडवा टाकून भिंत बघायला लागलो. आडव्या प्रकाशात हाताचा दाब दिसतो, लहान मुलाचा ब्रश भिंतीत रुततो, कधी बोटही उमटतं. खालच्या पट्टीपासून सुरू केलं. गुडघे टेकून, मग बसून, मग वाकून. पण खाली खुर्च्यांच्या पाठी घासून घासून रंग गेलेला आणि आईने तो वर्षावर्षाला परत भरलेला, एकावर एक. जे वाकडं फूल दिसलं ते आईचंही असू शकत होतं, तिचाही हात वाकडाच होता. हेलनने सगळे फोटो काढून ठेवलेले, ते जमिनीवर पसरले. फोटोत फूल दिसतं, कुणी काढलं ते दिसत नाही. फोटो तिच्याजवळ कायमचे राहणार होते, पण भिंतीवर एकच जागा राहणार होती.

दुपार व्हायला आली तेव्हा हेलन म्हणाली, एखादं निवडा. लहानसं, खालचं. कुणाला कळणार नाही.

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच अंदाजाने काम करायला सांगितलं. मला ते करावंसं वाटलं नाही असं नाही. एक होतं दाराजवळ, पाच पाकळ्यांपैकी एक उलटी. तेच असेल असं म्हटलं असतं तर तेच झालं असतं.

मी तिला विचारलं, सहा वर्षांच्या मुलीचा हात कुठवर जातो? हेलनने आपल्या नातीचा अंदाज घेऊन भिंतीवर हात धरला, माझ्या छातीएवढा. मी पट्टी लावून खडूची बारीक रेघ मारली, सगळ्या खोलीभर. त्या रेघेच्या वर पोरीचा हात गेला नसणार, म्हणजे वरून काम सुरू करायला हरकत नाही.

रेघ मारून झाल्यावर मी मागे होऊन बघितलं आणि मला अनघा लहान असताना कुसुम तिला कॅलेंडर फाडायला कशी उचलून घ्यायची ते आठवलं. मी रेघ पुसली आणि वर मारली. आईने तिला कडेवर घेतली असेल तर. मग स्टुलावर चढून आणखी वर मारली. आई शिडीच्या पायरीवर उभी राहून तिला उचलत असेल तर. हेलनने स्टूल धरून ठेवलं.

शेवटी रेघेच्या वर, छताच्या खाली, वीतभर पट्टा उरला. मी कोमट पाण्याची वाटी घेतली, मचाणावर चढलो आणि तिथून सुरुवात केली.